असमबीजुकता

एकाच जातीच्या वनस्पतीत लहान आणि मोठी अशी दोन प्रकारची बीजुके, म्हणजे रुजून नवी पिढी देणाऱ्या सुट्या पेशी, तयार होण्याला असमबीजुकता म्हणतात. लहान ते लघुबीजुक. त्यातून नर गंतुकधारी, म्हणजे गंतुके (शुक्रपेशी किंवा अंडी) तयार करणारी पिढी, तयार होतो. मोठे ते गुरुबीजुक. त्यातून मादी गंतुकधारी. शालेय पुस्तकांत ‘बीजुक’ऐवजी ‘बीजाणू’ हा शब्द असतो, म्हणून हीच गोष्ट ‘विषमबीजाणुता’ या नावानेही वाचायला मिळते. बहुतेक नेच्यांची आणि लायकोपोडियम या बिनबियांच्या वनस्पतीची बीजुके एकसारखी असतात. त्या समबीजुक वनस्पती. सिलाजिनेला, आयसोएटिस, काही पाणनेचे आणि झाडून सगळ्या बीजी वनस्पती मात्र असमबीजुक आहेत.

बीजुक आणि गंतुक यांत नेहमी घोळ होतो, म्हणून तो आधी सोडवलेला बरा. लघुबीजुक हे शुक्रपेशीसारखे नाही आणि गुरुबीजुक म्हणजे अंडे नाही. बीजुक कुणाशी संयोग पावत नाही; ते रुजते आणि त्यातून गंतुकधारी ही वेगळी पिढी वाढते. गंतुके तयार करणे हे त्या पिढीचे काम. नेच्यात ही पिढी नखाएवढ्या, हिरव्या, बदामाच्या आकाराच्या पापुद्र्यासारखी ओल्या मातीवर स्वतंत्र जगते. फुलझाडात ती परागकणात आणि बीजकात (ज्याचे पुढे बी होते त्यात) दडलेली असते, इतकी की ती आहे हेच लक्षात येत नाही. नेचे, शंकुधारी आणि फुलझाडे या सगळ्यांचे जीवनचक्र मुळात एकच आहे, हे विल्हेल्म हॉफमाइस्टर या जर्मन संशोधकाने १८५१ मध्ये दाखवले. वडिलांच्या संगीत-प्रकाशनाच्या व्यवसायात काम करता करता, स्वतःच शिकून त्याने हे केले. वनस्पतिशास्त्रात यापेक्षा मोठी एकसंध मांडणी क्वचितच झाली असेल.

असमबीजुकता नुसत्या डोळ्यांनी पाहायची तर आयसोएटिससारखी वनस्पती नाही. सह्याद्रीच्या जांभ्या सड्यांवर पावसाळ्यात जी उथळ डबकी साचतात, त्यांत ती उगवते. लांबून गवताचा किंवा बारीक कांद्याच्या पातीचा झुबका वाटावा अशी. पाऊस सरला की पाने जातात आणि मातीत कंद तेवढा उरतो. तिच्या इथल्या दोन जातींची नावेच सह्याद्री आणि पाचगणी यांवरून पडली आहेत. या जातींचा वावर मोजक्या पठारांपुरता असल्याने झुबका उपटू नये. गळालेले एखादे पान पुरते. पानाचा बुडखा फुगीर आणि पांढुरका असतो, तोच बीजुककोश. बाहेरच्या बाजूच्या पानाचा बुडखा सुईने फाडला की बारीक रव्यासारखे पांढरे दाणे ओघळतात. ही गुरुबीजुके, साधारण अर्धा मिलिमीटर व्यासाची. आतल्या पानाच्या बुडख्यातून मात्र राखेसारखी भुकटी निघते. ती लघुबीजुके, एकेक सुमारे ३० मायक्रोमीटरचे. एका कोशात गुरुबीजुके शेकड्यांत मोजावीत, तर लघुबीजुके लाखांत. व्यासात पंधरा-वीसपट फरक म्हणजे घनफळात काही हजारपट, आणि हे घनफळ साठवलेल्या अन्नाचे आहे.

सगळ्याचे मर्म या अन्नात आहे. समबीजुक नेच्याचे बीजुक तुटपुंज्या शिदोरीवर निघते. रुजल्यावर त्याच्या पापुद्र्याला स्वतः हिरवे होऊन अन्न तयार करावे लागते, आणि तोवर ऊन लागले की खेळ संपला. गुरुबीजुकातला मादी गंतुकधारी बाहेर पडतच नाही. तो बीजुकाच्या कवचाआडच वाढतो, कवच तीन रेघांवर तडकते आणि त्या फटीतून अंदुककलशांची, म्हणजे अंडे धरणाऱ्या इवल्या कलशांची, तोंडे तेवढी उघडी पडतात. फलनानंतर गर्भ त्याच साठ्यावर पोसला जातो. लघुबीजुकाला गर्भ पोसायचा नसतो. त्याने हलके राहायचे, भरपूर संख्येने निघायचे आणि योग्य जागी पोहोचायचे. आयसोएटिसच्या एका लघुबीजुकातून जेमतेम चार पोहणाऱ्या शुक्रपेशी तयार होतात.

याची किंमतही मोजावी लागते. समबीजुक नेच्याचे एकच बीजुक दूरच्या बेटावर पडले तरी त्यापासून नवी वसाहत उभी राहू शकते, कारण एकाच पापुद्र्यावर दोन्ही प्रकारची गंतुके येऊ शकतात. असमबीजुक वनस्पतीची दोन वेगळी बीजुके जवळजवळ पडली तरच पुढचे घडते.

पाणनेच्यांनी ही अडचण फार सुंदर सोडवली आहे. भातखाचरात वाढवतात त्या ॲझोलाची लघुबीजुके सुटी न फिरता पुंजक्याने निघतात आणि पुंजक्याला हुकासारखे आकडे असतात. ते आकडे तरंगत्या गुरुबीजुकाच्या आवरणात अडकतात आणि गाठ पडते. ॲझोलाच्या पानात राहून नत्र स्थिर करणारे ॲनाबीना हे निळे-हिरवे शैवालही गुरुबीजुकाच्या टोपीखाली बसून पुढच्या पिढीत जाते. शेतकरी ॲझोला तुकड्यांनीच वाढवतो, त्यामुळे हा सोहळा सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. चार दलांच्या पानाचा मार्सिलिया दोन्ही बीजुककोश एकाच टणक, शेंगेसारख्या कवचात बंद करतो. ते कवच कोरड्या मातीत कित्येक वर्षे टिकते.

दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या काळातही हे पाणनेचे इथल्या तळ्यांत होते. नागपूरच्या उत्तरेला, पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या सौंसर परिसरात लाव्हाच्या थरांमधल्या गारगोटीसारख्या दगडांत ॲझोलाचे जीवाश्म सापडले. बिरबल साहनी आणि एच. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या जातीला ॲझोला इंटरट्रॅपिया असे नाव दिले.

असमबीजुकतेचा आरंभ त्याहून फार जुना, डेव्होनियन कालखंडातला, म्हणजे सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीचा. ती वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे अनेकदा उद्भवली. किमान अकरा वेळा, असा एक हिशेब मांडला गेला आहे. इतक्यांदा घडलेली गोष्ट योगायोग नसते. त्यांतल्या एका शाखेने पुढचे पाऊल टाकले: गुरुबीजुक बाहेर सोडायचेच नाही. एका कोशात एकच कामाचे गुरुबीजुक, ते आईच्याच अंगावर, भोवती आच्छादन. हेच बीजक, आणि फलनानंतर तेच बी. आता दोघांची गाठ पाडण्याचा सगळा प्रवास लघुबीजुकाच्या वाट्याला आला, आणि त्या प्रवाशाला आपण परागकण म्हणतो.

आंब्याच्या मोहोरातला परागकण परागकोशातून सुटेपर्यंत त्याच्या आत विभाजन होऊन गेलेले असते, म्हणजे लघुबीजुकाच्या कवचात नर पिढी सुरूही झालेली असते. बीजकात एका मातृपेशीपासून चार गुरुबीजुके होतात. बहुसंख्य फुलझाडांत त्यांतली तीन मरतात. उरलेल्या एकाच्या केंद्रकाचे तीनदा विभाजन होऊन आठ केंद्रके आणि सात पेशींचा गर्भकोश तयार होतो. मादी पिढी म्हणून एवढेच शिल्लक. पपईत नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते, त्याचा मात्र या विषयाशी संबंध नाही. दोन्ही प्रकारची बीजुके एकाच फुलात असली तरी ती वनस्पती असमबीजुकच.

लघुबीजुकाची वाट वळवताही येते. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या एका जातीचे परागकोश पोषक माध्यमावर वाढवले, तेव्हा १९६४ मध्ये त्यांतून भ्रूण बाहेर आले. ते परागकणांपासूनच झाले आहेत हे त्यांनी १९६६ मध्ये दाखवले. गुणसूत्रांचा एकच संच असलेली रोपे मिळवण्याचा हा मार्ग आज पिकांच्या पैदाशीत जगभर वापरला जातो.

गुरुबीजुकाची शिदोरी आपणही खातो. चिलगोजा सोलून मधोमध उभा चिरला की बारीक दांडीसारखा गर्भ दिसतो. त्याच्याभोवतीचा पांढरा, तेलकट गर म्हणजे गुरुबीजुकापासून वाढलेली मादी गंतुकधारी पिढी; तिच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असतो. नारळाचे खोबरे दिसायला तसेच असले तरी वेगळे. ते फलनानंतर तयार होते आणि त्यात परागकणातून आलेल्या केंद्रकाचाही वाटा असतो.