कोळशावरचा उपकर गेला, भार कुणाकडे राहिला?

भारतात कार्बन कर, म्हणजे इंधनातून निघणाऱ्या कार्बनवरचा कर, या नावाचा कर कधी लागलाच नाही. त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे १ जुलै २०१० पासून कोळशावर बसलेला टनामागे ५० रुपयांचा उपकर. २०१४ मध्ये तो १०० झाला, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४००. पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी होता. त्यातला बराचसा खर्चच झाला नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर दर तोच राहिला, रक्कम मात्र राज्यांच्या महसूलभरपाईकडे वळली.

या भारात घराला एक आणि कारखान्याला वेगळा न्याय मिळतो, तो कसा ते पुढे येईलच; पण ही काही आपलीच खासियत नाही. स्वीडनने १९९१ मध्ये कार्बन कर आणला आणि १९९३ पासून उद्योगांकडून सामान्य दराच्या चौथा हिस्साच घेतला. हा फरक पुरता मिटायला २०१८ उजाडलं.

वडोदऱ्यात रावपुऱ्यातल्या किंवा दांडिया बाजारातल्या घराच्या वीजबिलावर ‘उपकर’ अशी ओळ कधीच नव्हती. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर टनाला ४०० म्हणजे युनिटला २८ पैसे. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराला, सगळी वीज कोळशाचीच धरल्यास, ५६ रुपये. हे पैसे वीजदरात आणि इंधन अधिभारात मुरलेले असतात, शिवाय त्यावर वीजशुल्क चढतं. मेमध्ये एसी चालला की आकडा दुप्पट.

खरा वाद २२ सप्टेंबर २०२५ च्या बदलाचा आहे. त्या दिवशी ४०० रुपयांचा उपकर रद्द झाला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. वरवर हिशेब जुळतो, पण दोन गोष्टी उलटल्या. पहिली, कर वजनावरून किमतीवर गेला. टनाला १,५०० रुपयांच्या हलक्या, राखेच्या कोळशावर आधी ७५ अधिक ४०० असे ४७५ लागायचे, आता २७०. तेच ४,००० रुपयांच्या चांगल्या कोळशावर ६०० चे ७२० झाले. साधारण ३,०८० रुपयांच्या खालचा कोळसा स्वस्त झाला, वरचा महागला. कार्बनच्या दृष्टीने हे उफराटंच.

दुसरी गोष्ट क्रेडिटची, म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करण्याच्या सोयीची, आणि लोक नेमकी तीच विसरतात. उपकराचं क्रेडिट फक्त उपकर भरायलाच वापरता यायचं. त्यामुळे वडोदऱ्याजवळच्या नंदेसरीत बॉयलरला कोळसा घालणाऱ्या रसायन कारखान्याला ते ४०० खर्चातच धरावे लागत. परतावा मिळे तो निर्यातदाराला. १८ टक्के मात्र तयार मालावरच्या जीएसटीतून पूर्ण वळते होतात. म्हणजे त्या ४,००० च्या कोळशावर अंगावर पडणारा कर ४०० वरून शून्यावर आला. वीज जीएसटीबाहेर असल्याने वीजकेंद्राला क्रेडिट नाही; हलक्या कोळशावरचे त्याचे २७० रुपये विजेच्या युनिटच्या दरात बसतात आणि घरापर्यंत येतात. घराचा भारही हलका झाला हे खरं, पण संपला नाही. कारखान्याने स्वतःच्या वीजकेंद्रातली जास्तीची वीज विकली, तर तेवढ्या प्रमाणात क्रेडिट उलटवावं, म्हणजे परत भरावं लागतं. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या कारखान्याला क्रेडिट मिळतच नाही. तिथे १८ टक्के थेट खर्चात जातात.

मोठ्या उद्योगांसाठी आता दुसरा रस्ता आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन) आणि कागद या क्षेत्रांतल्या कारखान्यांना प्रतिटन उत्पादनामागे किती उत्सर्जन चालेल याची लक्ष्यं २०२३-२४ च्या पायावर ठरवून दिली गेली. कमी केलं तर प्रमाणपत्रं विकायची, चुकलं तर विकत घ्यायची. उत्पादन वाढलं आणि एकूण धूर वाढला तरी प्रतिटन आकडा सांभाळला की भागतं. औष्णिक वीजकेंद्रं या यादीत नाहीत.

युरोपची आयात मालावर सीमेवर लागणारी कार्बन आकारणी १ जानेवारी २०२६ पासून लागू झाली. मूळ देशात भरलेली कार्बनची किंमत तिथे वजा मागता येते. पण क्रेडिटने वळता झालेला जीएसटी दाखवून ती वजावट मिळणार नाही.