बातमी, नकाशा आणि भूगोलाचा तास

जगात कोठेही मोठा भूकंप झाला, तर काही मिनिटांत त्याचे अपिकेंद्र, खोली आणि तीव्रता अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, आणि शिक्षकाची तयारी असेल तर तो भूकंप त्याच दिवशी वर्गात शिकवता येतो. या सोयीमुळे चालू घडामोडींच्या आधारे भूगोल शिकवणे ही इंटरनेटची देणगी आहे, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात ही पद्धत त्याहून सुमारे शंभर वर्षे जुनी आहे. प्रत्येक नव्या माध्यमाने घटना आणि तास यांमधले अंतर कमी केले, हे खरे; परंतु प्राकृतिक आणि मानवी भूगोल यांची सांगड घालण्याचे काम कोणत्याही माध्यमाने आपोआप केलेले नाही. ते विचारल्या गेलेल्या प्रश्नांमुळे झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शाळेतला भूगोल म्हणजे बहुतांशी भूशिरे, उपसागर, नद्या, राजधान्या आणि त्यांची उत्पादने यांची घोकंपट्टी होती. १८८५ मध्ये जॉन स्कॉट केल्टी यांनी रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीसाठी भूगोलाच्या अध्यापनाची पाहणी केली आणि जर्मनीच्या तुलनेत ब्रिटनमधील शाळा किती मागे आहेत, हे स्पष्टपणे मांडले. त्याच वर्षी रशियन भूगोलज्ञ पीटर क्रोपोत्किन यांनी भूगोल कसा असावा यावर एक निबंध लिहिला. दूरच्या लोकांविषयी आत्मीयता वाटावी आणि पूर्वग्रह गळून पडावेत, हे या विषयाचे मोठे प्रयोजन आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दोन वर्षांनी हॅल्फर्ड मॅकिंडर यांनी प्राकृतिक आणि मानवी असे भूगोलाचे दोन तुकडे करण्याला विरोध केला. निसर्ग आणि समाज यांच्यातील परस्परक्रिया हाच या विषयाचा गाभा असल्याचे त्यांचे प्रतिपादन होते, आणि आजही भूगोलाच्या शिक्षकांमध्ये याच मुद्द्यावर वाद रंगतो.

या वैचारिक हालचाली सुरू असतानाच बातमीचे स्वरूपही बदलत होते. २७ ऑगस्ट १८८३ रोजी आजच्या इंडोनेशियातील क्राकातोआ ज्वालामुखीचा महाउद्रेक झाला, त्यातून उठलेल्या त्सुनामीने बहुसंख्य बळी घेतले आणि एकूण मृतांची संख्या ३६,००० च्या वर गेली. समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबलींमुळे हे वृत्त थोड्याच वेळात युरोपात पोहोचले. जगभरच्या वायुभारमापकांनी त्या स्फोटाची दाबलहर नोंदवली होती, आणि पुढे कित्येक महिने दूरदूरच्या देशांत लोकांना विलक्षण तांबडे सूर्यास्त दिसले. रॉयल सोसायटीच्या समितीने ठिकठिकाणच्या नोंदी आणि सामान्य माणसांची निरीक्षणे जमवून १८८८ मध्ये विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. एकाच घटनेचे पडसाद सबंध पृथ्वीवर एकाच वेळी मोजले गेले आणि त्यांची चर्चा वृत्तपत्रांतून झाली, असा हा बहुधा पहिलाच मोठा प्रसंग असावा. शिक्षकाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे, की ज्वालामुखी ही व्याख्येपुरती गोष्ट न राहता तारीख, वेळ, माणसे आणि परिणाम असलेली घटना झाली.

साधनांची देवाणघेवाणही याच काळात सुरू झाली. १८९३ मध्ये ऑक्सफर्ड येथे काही शिक्षक एकत्र आले आणि त्यांनी जिऑग्राफिकल असोसिएशन स्थापन केली. संस्थेचा आरंभीचा हेतू अगदी व्यावहारिक होता : मॅजिक लँटर्नवर, म्हणजे चित्रे पडद्यावर मोठी करून दाखवणाऱ्या यंत्रावर, दाखवण्याच्या काचेच्या चित्रपट्ट्या एकमेकांना उपलब्ध करून देणे. एका शाळेने बनवलेली चित्रे दुसऱ्या शाळेने वापरावीत, ही कल्पना आजच्या खुल्या शैक्षणिक साधनांच्या मुळाशी आहे, आणि शिक्षकांच्या या सहकार्याला इतिहासात मिळायला हवे तितके श्रेय मिळालेले नाही, असे मला वाटते.

विसाव्या शतकात युद्धांनी नकाशा घराघरांत नेला. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी रेडिओवरील भाषणापूर्वी नागरिकांना जगाचा नकाशा जवळ ठेवण्याची विनंती केली होती. वृत्तपत्रांनी नकाशे छापले, दुकानांतील नकाशांची मागणी एकदम वाढली आणि २३ फेब्रुवारीच्या रात्री लक्षावधी कुटुंबांनी समोर नकाशा पसरून ते भाषण ऐकले. महासागर हे संरक्षक खंदक राहिलेले नाहीत आणि रसदीचे मार्ग किती लांबचे आहेत, हे रूझवेल्ट यांनी ठिकाणांची नावे घेत समजावून सांगितले. अंतर, वाहतूक आणि राजकारण यांचा हा एक उत्तम पाठ होता. तो ऐकताना बोट नकाशावर फिरत होते, यातच त्याचे अध्यापनमूल्य आहे.

युद्धोत्तर काळात दोन प्रवाह वेगवेगळ्या दिशांनी वाहिले. एकीकडे १९६० च्या दशकात संख्याशास्त्र आणि प्रतिमाने यांच्या आधारे भूगोल काटेकोर होऊ लागला, आणि जुलै १९७२ मध्ये पुढे लँडसॅट या नावाने ओळखला गेलेला पहिला उपग्रह अवकाशात गेल्यावर पृथ्वीच्या पृष्ठभागाची नियमित नोंद सुरू झाली. दुसरीकडे आफ्रिकेतील साहारा वाळवंटालगतच्या साहेल प्रदेशातील दुष्काळ आणि १९७० मधील आजच्या बांगलादेशातील भोला चक्रीवादळ यांसारख्या आपत्तींनी अभ्यासकांना अस्वस्थ केले. वादळ निसर्गनिर्मित असते. पण माणसे कोणत्या जमिनीवर आणि कोणत्या घरांत राहतात, सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचते की नाही, हे समाज ठरवतो. नैसर्गिक आपत्तींना सरसकट 'नैसर्गिक' म्हणणे सोडून द्यावे, असा युक्तिवाद करणारा एक गाजलेला लेख १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅकिंडर यांना अभिप्रेत असलेली सांगड वर्गात खऱ्या अर्थाने शिकवता येऊ लागली ती या विचारामुळे, उपग्रहामुळे नव्हे, असे माझे मत आहे.

या विचाराची कसोटी पाहणारी जोडी २०१० मध्ये समोर आली आणि अनेक देशांतील वर्गांत ती आजही वापरली जाते. १२ जानेवारीला हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि २७ फेब्रुवारीला चिलीमध्ये ८.८ तीव्रतेचा. चिलीच्या भूकंपात मुक्त झालेली ऊर्जा सुमारे ५०० पट होती. तरीही चिलीतील मृतांची संख्या काही शेकड्यांत राहिली, तर हैतीत ती, अंदाजांमध्ये मोठी तफावत असली तरी, लाखाच्या घरात किंवा त्याहूनही वर गेली. विद्यार्थी आधी भूपट्टांच्या सीमा पाहतात. हैतीतील भूकंप उथळ होता आणि राजधानी पोर्तो-प्रिन्सपासून जवळ होता, चिलीचा समुद्रतळाखाली होता, हे त्यांच्या लक्षात येते. पण एवढ्याने उलगडा होत नाही. मग बांधकामाचे नियम, त्यांची अंमलबजावणी, दारिद्र्य, कर्जाचा इतिहास, शहराकडे आलेले लोंढे यांकडे वळावे लागते, आणि तास कोठे प्राकृतिक भूगोलातून मानवी भूगोलात शिरला, हे सांगणे अवघड होते. याच हैतीच्या प्रसंगी २००४ पासून सुरू असलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागातून बनणाऱ्या ऑनलाइन नकाशाच्या स्वयंसेवकांनी ताज्या उपग्रह प्रतिमांवरून पोर्तो-प्रिन्सचे रस्ते काही दिवसांत रेखाटले आणि मदतपथकांनी तो नकाशा वापरला. विद्यार्थी नकाशा नुसता वाचत न बसता तयारही करू शकतो, हे तेव्हापासून ठळकपणे दिसू लागले.

ऑनलाइन साधनांच्या इतिहासात दोन टप्पे निर्णायक ठरले. २००५ मध्ये गुगल अर्थ आले आणि पृथ्वीगोल फिरवून हव्या त्या दरीत उतरण्याची सोय विनाशुल्क झाली. त्याहून कमी गाजलेली, पण माझ्या दृष्टीने अधिक मोलाची घटना २००८ ची आहे : पूर्वी एकेका दृश्यासाठी शेकडो डॉलर मोजावे लागत, तो लँडसॅटचा संग्रह सर्वांना मोफत खुला झाला. त्यामुळे १९७२ पासूनची दशके एकमेकांशेजारी ठेवता आली. अमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळवल्याने मध्य आशियातील अरल समुद्र कसा आटत गेला, हे या प्रतिमांत वर्षागणिक दिसते. त्या आटण्याची बातमी व्हावी असा एकही ठरावीक दिवस नव्हता.

मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे ४०० मीटर लांबीचे मालवाहू जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले, तेव्हा ही सारी साधने एकाच तासात कामाला आली. वारा जोराचा होता, धुळीमुळे दृश्यमानता कमी होती आणि तेथे कालव्याची रुंदी जहाजाच्या लांबीपेक्षा कमी होती. जहाजांचा माग दाखवणाऱ्या नकाशांवर दोन्ही टोकांना थांबलेल्या जहाजांचे ठिपके वाढताना दिसत होते; काही जहाजे आफ्रिकेच्या दक्षिणेकडील केप ऑफ गुड होपकडे वळली आणि १८६९ मध्ये कालवा खुला होण्यापूर्वीचा मार्ग पुन्हा जिवंत झाला. सहा दिवसांनी जहाज सुटले, त्यात ड्रेजर आणि टगबोटींबरोबर पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीचाही हातभार होता. चंद्राच्या आकर्षणापासून कारखान्यातील सुट्या भागांच्या टंचाईपर्यंतची साखळी विद्यार्थ्याला एका घटनेतून उलगडता आली.

अर्थात या साधनांना त्यांचे दोष आहेत. बहुतेक ऑनलाइन नकाशे मर्केटर प्रक्षेपणावर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडताना ध्रुवांकडचे प्रदेश फुगवणाऱ्या पद्धतीवर, आधारलेले असल्याने ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते, वस्तुतः आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट मोठी आहे. बातम्यांवर विसंबलेल्या अध्यापनात काही देश केवळ आपत्तीच्या वेळीच वर्गात येतात, हा दोष अधिक गंभीर आहे. जानेवारी २०२२ मध्ये प्रशांत महासागरातील टोंगा या द्वीपदेशाजवळच्या ज्वालामुखीचा स्फोट जगाने उपग्रह प्रतिमांतून पाहिला. पण समुद्रतळावरची केबल तुटल्यामुळे खुद्द टोंगाच्या मुख्य बेटाला ती जोडणी परत मिळण्यास सुमारे पाच आठवडे लागले. क्राकातोआची बातमी पोहोचवणाऱ्या तारा आणि आजचे इंटरनेट सारख्याच रीतीने समुद्रतळाच्या भूगोलाशी बांधलेले आहेत, हे या घटनेतून दाखवता येते.

घटनेनंतरचा तास आणि घटनेपूर्वीचा तास यांत फरक आहे, हेही ध्यानात घ्यावे लागते. २६ डिसेंबर २००४ रोजी थायलंडमधील फुकेतच्या किनाऱ्यावर दहा वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीने समुद्राच्या पाण्याचे विचित्र फेसाळणे ओळखले आणि तिच्या इशाऱ्यामुळे किनारा वेळीच रिकामा झाला. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला तिने त्सुनामीची लक्षणे शिकली होती, आणि त्या तासाला हवाई बेटांवर आलेल्या जुन्या त्सुनामीचे चित्रीकरण दाखवले गेले होते. म्हणून शिक्षकाने आजच्या घटनेच्या प्रतिमा, नोंदी आणि नकाशे शिकवून झाल्यावर टाकून न देता पुढच्या वर्गांसाठी जपून ठेवणे, हा या पद्धतीचाच भाग मानायला हवा.