सॉफ्टबॉल म्हणजे मऊ चेंडूचं बेसबॉल? मुळीच नाही

‘सॉफ्टबॉल म्हणजे मुलींसाठी सोपं केलेलं बेसबॉल,’ हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं. दोष नावाचा आहे. 1887 मध्ये शिकागोत हा खेळ बंद सभागृहात सुरू झाला, तेव्हा चेंडू म्हणून चक्क बॉक्सिंगचा हातमोजा बांधून वापरला होता. आजचा चेंडू चांगला टणक असतो. परीघ 12 इंच, म्हणजे बेसबॉलपेक्षा साधारण 3 इंच जास्त.

खरी गंमत अंतरात आहे. बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, 18.44 मीटरवरून फेकतो. महिलांच्या फास्टपिचमध्ये, म्हणजे सॉफ्टबॉलच्या वेगवान फेकीच्या प्रकारात, हेच अंतर 13.11 मीटर. हात खालून फिरतो म्हणून चेंडू संथ येतो असं समजू नका. गणित करून पाहा: इथला ताशी 105 किलोमीटरचा चेंडू बॅटरला जेमतेम 0.45 सेकंद देतो, बेसबॉलमधल्या ताशी 148 किलोमीटरच्या चेंडूइतकाच. 2004 मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात सॉफ्टबॉलची पिचर जेनी फिंचने अल्बर्ट पुहोल्ससारख्या बेसबॉलमधल्या दादा बॅटरला स्ट्राइक-आउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं, ते उगीच नाही.

बाकी, बेसमधलं (धावताना गाठायच्या टप्प्यांमधलं) अंतर 90 ऐवजी 60 फूट आणि डाव 9 ऐवजी 7. आणि हो, पुरुषही फास्टपिच खेळतात. त्यांची जागतिक स्पर्धा 1966 पासून आहे.