पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचे प्रशिक्षण: पैसे घालावेत की नाही?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

परवाना हातात पडला, रिव्हॉल्व्हर पसंत झाले, पैसे भरून झाले, की ग्राहक जाता जाता विचारतात, "आता तो कोर्सपण करायचा का? फी ऐकूनच घाम फुटला." ठाण्यातल्या आमच्या दुकानात हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर छापून ठेवलेले बरे. आमचा स्वार्थ आधीच सांगून टाकतो. आम्ही परवानाधारक विक्रेते आहोत. शस्त्रे आणि काडतुसे विकतो, ठेव म्हणून सांभाळतो, किरकोळ दुरुस्ती करतो. कोर्स चालवत नाही आणि कुणाकडे ग्राहक धाडून कमिशनही घेत नाही. शिकलेला ग्राहक सरावासाठी काडतुसे जास्त नेतो, एवढाच काय तो आमचा फायदा.

सक्तीचे किती, स्वखुशीचे किती

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना मागणाऱ्याला शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेऊन नमुना एस-१ मधला दाखला द्यावा लागतो. शस्त्राची ओळख, बाळगणे, ने-आण, साठवण, गोळी चालवण्याची मूळ पद्धत एवढे त्यात येते. हे टाळता येत नाही, तेव्हा परवडते की नाही ही चर्चाच नको. फी भरण्याआधी मात्र दाखला कुणाचा चालतो ते परवाना शाखेत विचारून घ्या. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी पोलीस आयुक्तालये आहेत, आणि मुरबाड-शहापूरकडे परवाना जिल्हाधिकारी देतात. एकीकडे चालले ते दुसरीकडे चालेलच असे धरू नका.

खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. दोन दिवसांचा, आठवड्याचा, रेंजवर खऱ्या गोळ्या झाडायला लावणारा कोर्स करावा का? आमचे मत असे की ती फी वसूल होते हाताळणीत. नेम सुधारला तर तो वरकड. ग्राहकांची अपेक्षा बहुधा उलटी असते, म्हणून हे जरा सविस्तर.

काउंटरवर काय दिसते

निवडणूक लागली की शस्त्रे जमा करायची धावपळ सुरू होते. २०२४ मध्ये तर लोकसभा आणि विधानसभा मिळून एका वर्षात दोन आचारसंहिता आल्या. कुणी पोलीस ठाण्यात जमा करतो, कुणी आमच्यासारख्या विक्रेत्याकडे. अशा वेळी कापडी पिशवीतून पिस्तूल निघते, नळी थेट समोरच्या आमच्या पोराच्या पोटाकडे, बोट चापावर (ट्रिगरवर), आणि वर आश्वासन: "रिकामंच आहे हो, मॅगझिन काढलीय."

मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची सुटी पेटी, काढली म्हणून पिस्तूल रिकामे होत नाही. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत) आधीच चढलेली गोळी तिथेच बसलेली असते आणि बऱ्याच पिस्तुलांत ती मॅगझिनशिवायही सुटते. योग्य क्रम असा: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या बाहेर, आधी मॅगझिन काढायची, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण मागे ओढून धरायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचे आणि करंगळीने चाचपायचे. हाच क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मॅगझिन नंतर काढली, तर चेंबरमधली गोळी टण्णकन बाहेर पडते खरी, पण पुढे येणारी स्लाइड मॅगझिनमधली दुसरी गोळी आत सरकवते. टेबलावर पडलेली गोळी बघून माणूस निर्धास्त होतो आणि भरलेले पिस्तूल पिशवीत घालतो.

रिव्हॉल्व्हरला ही भानगड नाही; उघडले की सगळे खण समोर दिसतात. पण त्याची दुखणी वेगळी. जुन्या घडणीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालच्या (काडतुसावर आपटणाऱ्या भागाखालच्या) खणात काडतूस असेल आणि शस्त्र हातातून पडले, तर आपटल्यानेही गोळी सुटू शकते. चढवलेला घोडा अंगठ्याने हळूच खाली सोडताना अंगठा सटकला तरी तेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये जुहूत एका नामवंत हिंदी नटाच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, ती बातमी तुम्ही वाचली असेल. तिथे दरोडेखोर कुणी नव्हता.

वरचा परिच्छेद वाचून क्रम कळेल, हातात मात्र बसणार नाही. घाईत, अंधारात, कुणी बोलत असताना हात आपोआप त्याच क्रमाने चालावेत, यासाठी शेजारी उभा राहून चुकले की तिथल्या तिथे थांबवणारा माणूस लागतो. पैसे द्यायचे ते याच माणसाचे.

चांगला प्रशिक्षक दुसरी एक गोष्ट करतो, जी घरी एकट्याने जमत नाही. तुम्हाला न सांगता खऱ्या काडतुसांत एक नकली काडतूस मिसळतो. त्या वेळी आवाज होत नाही, धक्का बसत नाही, पण नळी टचकन खाली झुकते आणि ती सगळ्यांना दिसते. धक्क्याच्या भीतीने चाप दाबायच्या क्षणी मनगट आधीच खाली दाबले जाते, हे तोवर पटतच नाही. "साइटच (नेम धरायची खूण) वाकडी आहे, दुरुस्त करून द्या" म्हणून आमच्याकडे आलेली कितीतरी रिव्हॉल्व्हरे ठणठणीत असतात.

कुणी खर्च करावा

जांभळी नाक्याचा सराफ, वाशीच्या बाजार समितीतून रोकड घेऊन निघणारा व्यापारी, अंगरक्षक म्हणून नोकरी करणारा, थोडक्यात रोज कमरेला शस्त्र लावून गर्दीत वावरणारा कुणीही, यांनी पूर्ण कोर्स करावा आणि दरवर्षी उजळणीही करावी. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सातला गोळी चालवायची वेळ आली तर मागे किती माणसे असतील, याचा विचार करा म्हणजे फी महाग वाटणार नाही.

वडिलांच्या पश्चात परवाना रीतसर आपल्या नावावर करून घेतलेल्यांना, ज्यांचे शस्त्र दसऱ्याच्या पूजेपुरतेच बाहेर येते, आम्ही मोठा कोर्स सुचवत नाही. त्यांना अर्ध्या दिवसाची हाताळणी पुरते: रिकामे करणे, पुसणे, तेल देणे, कुलपात ठेवणे. उरलेल्या पैशात भिंतीला बोल्ट केलेला लहान लोखंडी लॉकर घ्यावा. घरात नातवंडे असतील तर लॉकर आधी, बाकी सगळे नंतर. फौजेतून निवृत्त झालेल्यांना शिस्त शिकवायला नको, पण ज्यांची सेवा रायफलवर गेली त्यांना हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) नवी असते. आखूड नळी कुठे वळते ते कळत नाही, त्यामुळे चार-सहा तास तरी द्यावेत.

आणि ज्यांनी अजून शस्त्र घेतलेलेच नाही, त्यांनी कोर्स खरेदीच्या आधी करावा. रेंजवर पहिली गोळी झाडल्यावर "हे आपल्याला नको" असे वाटून विचार बदललेले ग्राहकही आमच्याकडे आहेत. आमची विक्री गेली, त्यांची फी मात्र कामी आली.

फी देण्याआधी काय विचारावे

पहिला प्रश्न: माझ्या हातून गोळ्या किती झाडल्या जाणार? समजा फी १५ हजार आणि तुमच्या वाट्याला दहा गोळ्या, बाकी वेळ पडद्यावर चित्रे. तर तो कोर्स नव्हे, सहल झाली. काडतुसे फीमध्ये धरली आहेत की वेगळी, रेंजचे भाडे कुणी द्यायचे, हेही लेखी घ्या. मग एका प्रशिक्षकामागे फायरिंग लाइनवर किती जण असतात ते विचारा. नवशिके असतील तर एकामागे एक उत्तम, दोन-तीन ठीक, दहा असतील तर परत या. रेंज परवानगीची आहे का, हे तर विचाराच. कुणी फार्महाउसच्या मागच्या टेकडीवर नेतो म्हणाला, तर त्याच्या आणि तुमच्या दोघांच्याही परवान्यावर गदा येईल.

शिकवणारे शस्त्र कुठले, हाही कळीचा मुद्दा आहे. आपल्याकडे सामान्य परवान्यावर बहुतेक करून .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास) रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल मिळते. ९ मिलिमीटर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. अमेरिकेतल्या व्हिडिओंतले झटक्यात होल्स्टरमधून (कमरेच्या म्यानातून) काढून धडाधड गोळ्या झाडणे इथे शिकवणारा दिसला, तर तो तुमचे शस्त्र आणि आपला कायदा दोन्ही सोडून शिकवतोय असे समजा.

कायद्याचा तास आहे का, हे आम्ही सगळ्यात वर ठेवतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाबद्दल आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही, हे त्यांतल्या ३७व्या कलमात आहे. पळणाऱ्या चोराच्या पाठीवर गोळी झाडून "माझ्याच घरात शिरला होता" म्हटल्याने सुटका होईल असे समजू नका. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबारालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. हळदीच्या रात्री पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी शस्त्र कुलपातच राहू द्या. गर्दीच्या ठिकाणी नेताना ते होल्स्टरमध्ये आणि झाकलेले असावे.

स्वस्तातला मार्ग

नेमाचीच हौस असेल तर दहा मीटरच्या एअर पिस्तूल वर्गाला जा. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, ओळख आणि पत्त्याचा पुरावा लागतो; छर्रेही काडतुसांच्या मानाने फारच स्वस्त. दहा मीटरवरच्या कागदावर दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचे असते. चाप झटका न देता सरळ मागे कसा आणावा, नजर लक्ष्यावर न ठेवता पुढच्या साइटवर कशी ठेवावी, हे तिथे चांगले घोटून घेतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवल्यापासून पालक मुलांनाही या खेळाकडे आणू लागले आहेत.

मर्यादाही सांगतो. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा चाप ५०० ग्रॅमवर सुटू शकतो, तर रिव्हॉल्व्हरचा घोडा न चढवता ओढलेला चाप काही किलोंचा आणि लांबलचक असतो. धक्का, आवाज, भरणे-रिकामे करणे यांतले तिथे काहीच येत नाही. म्हणून एअर पिस्तूल हा हाताळणीच्या कोर्सला पर्याय नव्हे.

कोर्स केल्यावर सराव सोडला तर काही महिन्यांत हात पूर्वपदावर येतो. घरी नकली काडतुसांवर दहा मिनिटे पुरतात, मात्र खरी काडतुसे त्या खोलीत नकोत आणि नळीसमोर पक्की भिंत हवी. काडतुसांची खरेदी परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच होते, तेव्हा वर्षाच्या कोट्यातून सरावाला किती आणि घरात ठेवायला किती, हे आधी ठरवा. वर्षानुवर्षे कपाटात पडलेली काडतुसे सरावात आधी संपवावीत.

आमच्या ग्राहकांना शस्त्र रिकामे करणे आणि साफसफाई दुकानात विनाशुल्क दाखवतो. येताना मूळ परवाना आणा, शस्त्र रिकामे करून बंद केसमध्ये आणा, काडतुसे वेगळ्या डब्यात. आत आल्यावर केस स्वतः उघडू नका, आधी काउंटरवर सांगा. सोमवारी दुकान बंद असते.