रमाबाई सर्कल ते शंभर बायकांचे चेक

बारा जणींनी दरमहा दोन हजार काढायचे आणि चोवीस हजार जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिच्या हातात ठेवायचे, ही भिशी. गिव्हिंग सर्कलमध्ये पैसे जमेपर्यंत सगळं असंच चालतं. फरक पडतो तो शेवटच्या पायरीला. रक्कम कुठल्याही सभासदाच्या घरी जात नाही, ती बाहेरच्या एखाद्या संस्थेला जाते, आणि कुठल्या संस्थेला जायची ते सगळ्या जणी मत देऊन ठरवतात. भिशी सहसा कोणी मध्येच सोडत नाही, कारण आपला नंबर यायचा असतो. सर्कलमध्ये नंबर कधी येणारच नसतो. त्यामुळे पुढच्या वर्षी बाई पुन्हा पैसे का भरील, या एका प्रश्नाभोवती सर्कलचे बहुतेक नियम फिरतात. या प्रश्नाची उत्तरं दोनशे वर्षांत बदलत गेली. त्यातलं एक उत्तर थेट मुंबई-पुण्याशी जोडलेलं आहे, आणि आजच्या सर्कलांना नेमका त्याचाच विसर पडला आहे.

सुरुवात एका सेंटने झाली. १८०२ मध्ये बोस्टनच्या बायकांनी ‘सेंट सोसायटी’ काढली. आठवड्याला एक सेंट, म्हणजे वर्षाला बावन्न सेंट. त्यातून बायबल आणि धार्मिक पुस्तकं घेऊन वाटायची. रक्कम इतकी बारीक का, याचं कारण कायद्यात होतं. लग्न झालेल्या बाईची मिळकत त्या काळी नवऱ्याची धरली जाई. मॅसॅच्युसेट्समध्ये १८५५ च्या कायद्याने विवाहितेला स्वतःच्या मालमत्तेवर आणि कमाईवर हक्क मिळाला. तोवर घरखर्चातून वाचवलेल्या चिल्लरीवरच भागवावं लागे. ‘बोस्टन फीमेल असायलम’ या अनाथ मुलींच्या संस्थेला १८०३ मध्ये सनद मिळाली, तिच्यात खजिनदार नवरा नसलेलीच असावी अशी अट होती. खजिनदारीण विवाहित असती, तर संस्थेच्या पेटीवर कायद्याने तिच्या नवऱ्याचा हात पोचला असता. संस्थेने कायद्याशी वाद घातला नाही, खजिनदार तेवढी बिननवऱ्याची निवडली.

१८६९ मध्ये बोस्टनमध्येच मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या बायकांची परदेशी मिशन सोसायटी निघाली. तिचा दर आठवड्याला दोन सेंट, म्हणजे वर्षाला एक डॉलर चार सेंट. त्याच वर्षी तिने डॉ. क्लारा स्वेन आणि इझाबेला थोबर्न या दोघींना हिंदुस्थानात धाडलं. ‘दर बाई वर्षाला एक डॉलर’ हा हिशोब अमेरिकन चर्चमधल्या बायकांच्या अंगवळणी पडला तो असा.

पंडिता रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला उतरल्या तेव्हा ही सवय तयारच होती. निमित्त होतं आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदानाचं. रमाबाई मग दोनअडीच वर्षं अमेरिकेत राहिल्या, गावोगाव बोलल्या. १८८७ मध्ये त्यांचं ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे पुस्तक आलं, आणि त्याच डिसेंबरात बोस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. अध्यक्ष पाद्री एडवर्ड एव्हरेट हेल, उपाध्यक्षांत दारूबंदी चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड. अध्यक्षपदी पुरुष असले तरी वर्गणीचा खरा ओघ होता तो खालून. गावागावांत ‘रमाबाई सर्कल’ निघाली. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा, आणि तो दहा वर्षं देण्याचं आधीच कबूल करायचं.

ही दहा वर्षांची कबुलीच त्या योजनेचा कणा होती. ती ठरली म्हणून रमाबाईंना मुंबईत जागा भाड्याने घेता आली, शिक्षिका नेमता आल्या, आणि ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीजवळ शारदा सदन ही विधवा मुलींची निवासी शाळा सुरू झाली. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी होत्या. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या बाया कर्वे झाल्या. हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी मागत फिरलेल्या बायांचं स्वतःचं शिक्षण अमेरिकेतल्या अनोळखी बायकांच्या वर्गणीवर झालं होतं. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले १९१८ मध्ये हिंगण्यासाठी निधी जमवायला अमेरिकेलाच गेल्या.

दीर्घ मुदतीच्या वचनाचा कस १८९३ मध्ये लागला. सदन १८९० च्या अखेरीस पुण्याला आलं होतं. मुलींना ख्रिस्ती केलं जातं या आरोपावरून ‘केसरी’त रण माजलं, ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या. वर्गणीदाराच्या नजरेने पाहिलं तर संस्था बुडाल्यात जमा होती. बोस्टनची वर्गणी मात्र चालू राहिली. कार्यकारी समितीच्या अध्यक्षा ज्युडिथ अँड्र्यूज यांनी तर स्वतः पुण्याला येऊन सदन पाहिलं होतं. सर्कलमधल्या बायका नुसत्या डॉलर देऊन मोकळ्या होणाऱ्या नव्हत्या, याचीही नोंद आहे. १८९५ मध्ये ब्रुकलिनच्या रमाबाई सर्कलने हिंदू विधवांबद्दलच्या विधानांवरून स्वामी विवेकानंदांवर जाहीर आक्षेप घेतला आणि वाद तिथल्या वर्तमानपत्रांत रंगला. बरोबर कोण, हा मुद्दा इथे गौण. ज्या विषयाला पैसे देतो तो विषय त्यांनी वाचला होता, एवढं त्यातून दिसतं.

या रचनेत दोन उणिवा होत्या. एक, ठरवण्याचा अधिकार वर्गणीदारणींकडे नव्हता. गावोगावचा पैसा बोस्टनला जाई आणि निर्णय समिती घेई. सर्कलच्या सभेत ‘कुणाला द्यायचं’ हा प्रश्नच नव्हता, उत्तर नावातच होतं. दुसरी, अकराव्या वर्षाचं काय? दहा वर्षांत इकडचा हिंदू समाज संस्था चालवायला घेईल, असा बोस्टनचा अंदाज होता. १८९३ नंतर तो अर्थातच खोटा ठरला. रमाबाईंनी ते वेळीच ओळखलं. वर्गणीची मुदत संपायच्या आधी त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन संत्री, लिंबू, आंब्याची झाडं लावली, उद्या फळांच्या उत्पन्नावर सदन चालावं म्हणून. १८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या, जुनी असोसिएशन विसर्जित झाली आणि नवी ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली. अनुदान संपण्याच्या तीन वर्षं आधी बाग लावणारी संस्था आजही विरळाच.

पुढचं शतक इथे भराभर ओलांडू. बायकांची मंडळं होतीच, पण मोठ्या रकमा कुणाला द्यायच्या ते ठरवणाऱ्या फाउंडेशनांत बायका क्वचितच असत.

आजच्या सर्कलचा साचा सिएटलमध्ये घडला. १९९५ मध्ये कॉलीन विलोबी आणि त्यांच्या सहकारी बायकांनी ‘वॉशिंग्टन वूमेन्स फाउंडेशन’ सुरू केलं. सभासदाने वर्षाला दोन हजार डॉलर आणि तेही पाच वर्षं द्यायचे. निम्मी रक्कम सामाईक निधीत, निम्मी तिच्या मर्जीच्या संस्थेला. ही विभागणी हुशारीची होती. आपला आवडता अनाथाश्रम सोडावा लागत नाही म्हटल्यावर सामाईक मतदानात हरायला बाई तयार होते. २००१ मध्ये सिनसिनाटीत वेंडी स्टील यांनी ‘इम्पॅक्ट १००’ काढून हिशोब आणखी सोपा केला: किमान शंभर बायका, प्रत्येकी हजार डॉलर, एक बाई एक मत, अनुदान किमान एक लाखाचं. पहिल्या खेपेला १२३ जणी जमल्या आणि १,२३,००० डॉलर मॅकमिकन डेंटल क्लिनिक या गरिबांच्या दवाखान्याला गेले. फ्लोरिडातल्या पेन्साकोला शाखेला पहिल्याच वर्षी, २००४ मध्ये, २३३ सभासद मिळाले. त्यांनी पैसे तसेच ठेवले नाहीत की बारीक तुकडेही केले नाहीत, १,१६,५०० डॉलरची दोन अनुदानं दिली.

दुसरं टोक म्हणजे ‘१०० वूमेन हू केअर’. नोव्हेंबर २००६ मध्ये मिशिगनमधल्या जॅक्सन गावात तान्ह्या बाळांसाठी तीनशे घडीचे पाळणे हवे होते, खर्च दहा हजार डॉलर. कॅरन डनिगन यांनी हिशोब केला की शंभर मैत्रिणींनी शंभर शंभर दिले तर झालं. तासाभराच्या सभेत १२,८०० जमले. तीच रीत पुढे रूढ झाली: तीन महिन्यांतून एकदा, एक तास. संस्थांची नावं टोपीतून काढायची, तीन निघतात. ज्या सभासदाने नाव टाकलं तिने पाच मिनिटं बोलायचं, मग मतदान, आणि चेक लिहायचा तो थेट जिंकलेल्या संस्थेच्या नावे. सर्कलचं बँक खातंच नसतं, म्हणून खजिनदार, ऑडिट, नोंदणी काहीच लागत नाही. गैरहजर राहणारी आपला कोरा चेक मैत्रिणीजवळ देऊन ठेवते. आपलं नाव हरलं तरी चेक लिहायचा, हा नियम पहिल्या सभेतच मोठ्याने सांगावा लागतो. एरवी दुसऱ्या सभेला हरलेल्या गटाचे चेक कमी येतात.

‘इम्पॅक्ट’ धाटणीच्या सर्कलमध्ये कामाचं वर्ष लांबलचक असतं. सभासदनोंदणीची शेवटची तारीख पक्की ठेवतात, कारण आकडा कळल्याशिवाय अनुदानं किती ते जाहीर करता येत नाही. मग संस्थांकडून दोन पानी प्राथमिक पत्र मागवायचं. कला, शिक्षण, पर्यावरण, कुटुंब, आरोग्य असे पाच विभाग आणि प्रत्येकाची समिती. समिती ताळेबंद तपासते, दोनतीन संस्थांना प्रत्यक्ष भेट देते आणि विभागातून एक नाव पुढे पाठवते. वार्षिक सभेत पाच जणांची सादरीकरणं आणि गुप्त मतदान. हजारातला एकही डॉलर चहापाण्यावर किंवा छपाईवर जात नाही. तो खर्च वेगळ्या देणगीतून काढायचा. हा नियम मोडला की पुढच्या वर्षी नोंदणी करताना पहिला प्रश्न त्याचाच येतो.

बिघडतं कुठे तेही ठरलेलं आहे. ज्या बाया समितीवर कधी आल्या नाहीत, संस्थेच्या दारापर्यंत गेल्या नाहीत, त्या दुसऱ्या वर्षी गळतात. म्हणून पहिल्या वर्षीच्या प्रत्येकीला निदान एका भेटीला न्यायचंच. हजार डॉलरची अट ठेवली की सर्कल एकाच वस्तीतल्या, एकाच रंगाच्या बायकांचं होतं. यावर दोघीतिघींनी मिळून एक सभासदत्व घ्यायची मुभा देतात, पण मत एकच. सभेत छान बोलणारी संस्था जिंकते आणि चांगलं काम करणारी, बुजरी संस्था हरते. त्यासाठी सादरीकरणाआधी आठवडाभर समितीचा लेखी अहवाल सर्वांकडे पोचवावा, आणि फिल्म दाखवायला बंदी असावी. हरलेल्या चार संस्थांनी महिनाभर कागद रंगवलेले असतात, त्यांना रिकाम्या हाताने पाठवणं बरं नव्हे. ज्यांना जमतं ती सर्कल त्यांना छोटी रक्कम देतात. संस्थापिका दहा वर्षं अध्यक्षा राहिली की तिच्यानंतर सर्कल मोडतं. म्हणून घटनेत दोन वर्षांची मुदत आणि ‘पुढची अध्यक्षा’ हे पद आधीपासून हवं.

सगळ्यांत मोठं दुखणं एका वर्षाच्या अनुदानाचं. वर्षाला दोन लाख डॉलरवर चालणाऱ्या संस्थेला एकदम एक लाख मिळाले की ती माणसं नेमते आणि पुढच्या वर्षी त्यांना काढते. म्हणून काही सर्कल वार्षिक खर्चाच्या ठरावीक हिश्शापुढे अनुदान देत नाहीत, काही फक्त यंत्रं, गाडी, इमारत असल्या एकदाच्या खर्चाला देतात. डेंटल क्लिनिकच्या खुर्च्या चालतात, शाळेच्या शिक्षिकेचा पगार चालत नाही. शारदा सदनचा खर्च असा दरवर्षी येणाराच होता. १८९३ च्या हिवाळ्यात दरवर्षी नव्याने मत द्यायची रीत असती, तर सदनाला किती मतं पडली असती? मतदानाने अधिकार आला, पण तो वर्षावर्षाला कापून आला. पाच वर्षांची विलोबींची अटही इतरांनी क्वचितच उचलली.

आकडा मात्र वाढतो आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या पाहणीत सुमारे ४,००० सामूहिक दानाचे गट आणि ३,७०,००० सभासद मोजले गेले. २०१७ ते २०२३ या काळात त्यांनी ३.१ अब्ज डॉलर दिले. मुंबईत ‘दसरा’ संस्थेने २०१० च्या सुमारास सुरू केलेली सर्कल केवळ बायकांची नाहीत, पण त्यांचा साचा रमाबाईंच्या जवळचा आहे: दहा जण, दरसाल दहा लाख रुपये, तीन वर्षं, एकूण तीन कोटी एकाच संस्थेला.

न्यू जर्सीतल्या मराठी बायकांच्या सर्कलला आज केडगावसारख्या एखाद्या संस्थेला तीन वर्षांचं वचन द्यायचं झालं, तर डॉलर पाकिटात घालून भागत नाही. करसवलत हवी असेल तर पैसे अमेरिकेत नोंदलेल्या धर्मादाय संस्थेमार्फत जावे लागतात. इकडे घेणाऱ्या संस्थेकडे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची एफसीआरए नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं लागतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था हा पैसा खालच्या छोट्या गटांना पुढे वाटू शकत नाही, म्हणून थेट काम करणारी संस्थाच निवडावी लागते. नोंदणी पाच वर्षांची असते. वचन देण्याआधी प्रमाणपत्रावरची मुदत संपण्याची तारीख पाहायची, आणि ती तीन वर्षांच्या आत येत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज कधी जाणार ते विचारून त्यानंतरच्या हप्त्यांना नूतनीकरणाची अट जोडायची.