नेम अंगठ्याने धरावा की मनगटाने?

हाताची हालचाल ओळखणारा मोशन कंट्रोलर म्हटलं की 2006 सालचा निन्टेंडो वी हा गेम कन्सोल आणि टीव्हीसमोर हातवारे करणारी माणसं आठवतात. त्या काळच्या गाजावाजामुळे एक गैरसमज पक्का झाला, की नेमबाजीच्या खेळात मोशन म्हणजे हात उगारून बंदूक रोखणं. प्रत्यक्षात उपयोगी पडली ती मनगटाची जेमतेम चार-पाच अंशांची हालचाल. आपल्याकडे फोनवर 'बीजीएमआय' खेळणारी मुलं 'जायरो' म्हणतात ती हीच.

कंट्रोलरवरची अंगठ्याने ढकलायची स्टिक नेमाची जागा ठरवत नाही, त्याचा वेग ठरवते. ढकलली की नेम सरकू लागतो, सोडली की थांबतो. सगळं कौशल्य योग्य क्षणी सोडण्यात! माऊसचं तसं नाही, तो जितका सरकेल तितकाच नेम सरकतो. म्हणूनच स्टिकवर खेळणाऱ्यांसाठी अनेक खेळ शत्रूजवळ पोहोचलेला नेम स्वतःहून मंदावतात. जायरोमुळे हाताला माऊसचा गुण मिळतो. 2015 सालच्या 'स्प्लाटून' या खेळाने ते उत्तम दाखवलं: मोठं वळण स्टिकने घ्यायचं आणि शेवटचा बारीक नेम मनगटाने धरायचा. माझ्या मते हीच जोडी योग्य आहे.

पण मनगट वळलं हे कंट्रोलरमधल्या जायरोच्या चिपला कळतं कसं? 1852 साली फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फूकोने जायरोस्कोप दाखवला, त्यात चाक गरगर फिरत असे. चिपमध्ये काहीच फिरत नाही. सिलिकॉनमध्ये कोरलेलं, केसाहूनही बारीक पट्ट्यांवर तोललेलं एक वजन सेकंदाला हजारो वेळा पुढेमागे कंप पावत असतं. कंट्रोलर वळला की कंपनाला काटकोनात एक आडवा रेटा बसतो. हाच कोरिऑलिस परिणाम. विषुववृत्त ओलांडून आलेले मोसमी वारे याच परिणामाने उजवीकडे वळतात आणि नैऋत्येकडून कोकणावर येऊन धडकतात. (बेसिनमधलं पाणी मात्र यामुळे ठरावीक दिशेने फिरत नाही. विषुववृत्तावर पर्यटकांना दाखवतात ती हातचलाखी आहे.)

हा रेटा म्हणजे वस्तुमान, कंपनाचा वेग आणि वळण्याचा कोनीय वेग यांच्या गुणाकाराची दुप्पट. पहिल्या दोन गोष्टी आधीच ठाऊक असल्यामुळे रेटा मोजला की तिसरी मिळते. रेट्याने वजन किंचित आडवं सरकतं, शेजारच्या स्थिर पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं, त्यामुळे विद्युत धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि परिपथ ती मोजतो. मला यापेक्षा देखणं यंत्र माहीत नाही.

मात्र चिपला कळतो तो वळण्याचा वेग, कोन नव्हे. क्षणाक्षणाच्या वेगांची बेरीज, म्हणजेच संकलन, करून कोन काढावा लागतो आणि त्या बेरजेत चूकही साठत जाते. टेबलावर निश्चल ठेवलेल्या कंट्रोलरने सेकंदाला 0.1 अंशाचा खोटा वेग दाखवला, तर मिनिटभरात नेम 6 अंश भरकटेल. इथे कंट्रोलरमधला त्वरणमापक (अ‍ॅक्सेलरोमीटर) मदतीला येतो. त्याला गुरुत्वाकर्षणामुळे 'खाली' कुठे आहे हे कळतं, त्यामुळे वर-खालचा कल दुरुस्त होतो. डावी-उजवीकडची चूक मात्र गुरुत्वाकर्षणाला दिसत नाही, कारण उभ्या अक्षाभोवती कितीही फिरलं तरी 'खाली' तिथेच राहतं. म्हणून 'स्प्लाटून'मध्ये नेम पुन्हा मध्यावर आणण्यासाठी वाय बटण दिलेलं आहे. खेळणारे ते सवयीने दाबत राहतात.