चंपीचा झील ‘पिटबुल’ कसा झाला

देवगडला माझ्या मावसभावाची हापूसची बाग आहे आणि बागेतच दोन खोल्यांचा होमस्टे. वानरं कोवळे आंबे अर्धवट खाऊन फेकतात, त्यामुळे कुत्र्यावाचून भागत नाही. सध्या हे खातं बंड्याकडे आहे. तपकिरी अंगावर काळे आडवे पट्टे, छातीवर पांढरा ठिपका, रुंद डोकं, भरलेले गाल. एक कान ताठ, दुसरा मध्येच मोडलेला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाने त्याला बघून गाडीच्या काचाच खाली केल्या नाहीत. आतूनच हातवारे. शेवटी खळ्यात उभ्या असलेल्या भावाला गाडीतून फोन आला, “अहो, तुम्ही पिटबुल मोकळा सोडलाय!”

भाऊ वहिनीकडे बघून हसला. “पिटबुल खंयचो? आमच्या चंपीचो झील तो!”

झील म्हणजे मुलगा. चंपी मी पाहिलेली. तांबूस, सडपातळ, मांगराच्या मागे व्यायची आणि पिल्लं हिंडाफिरायला लागेपर्यंत तिकडे कुणाला फिरकू द्यायची नाही. बंड्याचा बाप कोण, हे तिलाच ठाऊक. पण पाहुण्यांनी परत जाऊन नेटवर एक तारा दिला, ‘धोकादायक पिटबुल’ असं लिहिलं, ते वाडीतल्या पोरांनी वाचलं आणि भावाने कधी नव्हे ती साखळी आणली. बंड्याचं लसीचं कार्ड काढून बघितलं, तर ‘जात’ या रकान्यात निळ्या शाईने लिहिलेलं: पिटबुल क्रॉस. लस टोचणाऱ्याने पट्टे बघितले असणार आणि रकाना रिकामा दिसू नये म्हणून भरून टाकला असणार. झालं, कागदोपत्री पुरावाही तयार.

आता हे पट्टे येतात कुठून? काळ्या रंगाशी संबंधित एक जनुक आहे, सीबीडी१०३ नावाचं. त्याची एक ठरावीक आवृत्ती वाट्याला आली की तांबूस अंगावर काळे पट्टे उमटतात. ग्रेहाउंड, बॉक्सर, ग्रेट डेन, डॅशहुंड अशा एकमेकांपेक्षा अगदी वेगळ्या दिसणाऱ्या जातींत हे पट्टे दिसतात, आणि आपल्या गावठी कुत्र्यांतही. छातीवरच्या पांढऱ्या ठिपक्याचंही तेच. नसबंदी न झालेल्या नराचं डोकं तर तसंही मादीपेक्षा रुंद भरतं. म्हणजे ज्या तीन खुणांवर बंड्याला दोषी ठरवलं, त्या तिन्ही निम्म्या वाडीत सापडतील.

कुत्र्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या आणि साधारण २० हजार जनुकं असतात. डोळ्यांना दिसणारं रूप मात्र त्यांतल्या मूठभर जनुकांचा खेळ. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ८० जातींच्या हजारावर कुत्र्यांचा अभ्यास आला. केस लांब की आखूड, सरळ की कुरळे, तोंडावर दाढीमिशा आहेत की नाहीत, हे सगळं वैविध्य बहुतांशी फक्त तीन जनुकांच्या जुळणीतून उभं राहतं, असं त्यात दिसलं. तीन! उरलेल्या हजारो जनुकांत काय दडलंय, याचा पत्ता केसांवरून कसा लागणार?

हे कोकणातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. हापूसचा बाठा रुजत घातला तर हापूस येत नाही, रायवळ येतो, आणि तो कसा निघेल ते फळ धरेपर्यंत कळत नाही. म्हणून तर आपण कलमं बांधतो. कुत्र्याचं कलम बांधता येत नाही. जात टिकते ती पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या घरात जोड्या लावून; एकदा बाहेरचं रक्त आलं की रूप कुठल्या कुठे जातं.

किती जातं, हे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथे करून पाहिलं. त्यांचं काम १९६५ मध्ये पुस्तकरूपात आलं. त्यांनी बेसेंजी आणि कॉकर स्पॅनियल यांचा संकर केला. बेसेंजी हा आफ्रिकेतला, ताठ कानांचा, शेपटीची गुंडाळी केलेला कुत्रा. लांबून बघितला तर आपल्या गावठ्याचा चुलतभाऊ वाटावा असा. कॉकरचे लोंबते कान आणि रेशमी केस सगळ्यांच्या ओळखीचे. पिल्लं झाली ती या दोघांपैकी कुणावरच धड गेली नाहीत. त्या पिल्लांना पुढे पिल्लं झाली, तेव्हा तर एका वेतातली भावंडं एकमेकांची वाटेनात. रस्त्यावर दिसली असती तर आपण त्यांना बिनदिक्कत तिसऱ्याच जातीची नावं दिली असती.

आपण सामान्य माणसं चुकतो हे ठीक, पण जाणकार? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांशी रोजचा व्यवसायाने संबंध असलेल्या ९०० हून अधिक लोकांना २० मिश्र कुत्र्यांच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या. त्यांतल्या १४ कुत्र्यांच्या बाबतीत निम्म्यांहून कमी लोकांचं उत्तर डीएनए चाचणीशी जुळलं. पिटबुलचीच परीक्षा फ्लोरिडातल्या चार निवारा केंद्रांत झाली. तिथल्या १२० कुत्र्यांपैकी ६२ कुत्री कुणा ना कुणा कर्मचाऱ्याला पिटबुल वाटली. डीएनएमध्ये त्या वंशाचा माग लागला फक्त २५ कुत्र्यांत. आणि गंमत म्हणजे त्या २५ मधली काही कुत्री सगळ्यांच्याच नजरेतून सुटली होती.

मुळात पिटबुल ही एक जातही नाही. इंग्लंडात बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ चाले, तो १८३५ च्या कायद्याने बंद झाला. त्या काळात बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून जी घराणी तयार झाली, त्यांतून पुढे अमेरिकन पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर अशा वेगवेगळ्या जाती नोंदल्या गेल्या. ‘पिटबुल’ हे या सगळ्यांचं, शिवाय त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या कुणाचंही, सरसकट नाव. त्यांचा जबडा चावताना कुलूप लागल्यासारखा बंद होतो, अशी एक वदंता आहे. असलं कुलूप कुठल्याच कुत्र्याच्या जबड्यात नसतं.

मला स्वतःला ‘पिटबुल म्हणजे गरीब गाय’ हा उलटा प्रचारही पटत नाही. ताकदवान कुत्रा चावला तर इजा मोठी होते. २०२२ मध्ये लखनौत घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात एक वृद्धा दगावली, ते खोटं नाही. प्रश्न एवढाच, की जातीचं नाव कळल्यावर समोरच्या कुत्र्याच्या स्वभावाबद्दल किती कळतं? २०२२ मध्येच ‘सायन्स’मध्ये याचं उत्तर आलं. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या आणि दोन हजारांवर कुत्र्यांचा डीएनए पडताळून संशोधकांनी हिशोब मांडला: कुत्र्याकुत्र्यांत स्वभावाचा जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीमुळे. हुकूम ऐकणं वगैरे गुणांत जातीचा हात थोडा जास्त. पण कुत्रा किती लवकर बिथरतो, याबाबतीत जात जवळपास काहीच सांगत नाही.

नाव मात्र आपलं काम करून जातं. अमेरिकेतच २०१६ साली दिसलं, की पिटबुल अशी पाटी लागलेली कुत्री निवारा केंद्रात, त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या पण दुसऱ्या जातीची पाटी असलेल्या कुत्र्यांपेक्षा, तिपटीहून जास्त काळ पडून राहिली. चाव्यांच्या आकडेवारीतही जात कोण लिहितं? घाबरलेला माणूस, नाहीतर घाईतला बातमीदार. म्हणजे नजरेने चुकायचं आणि तीच चूक पुन्हा पुरावा म्हणून वापरायची.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींच्या आयातीवर, विक्रीवर आणि पैदाशीवर बंदी घाला, असं राज्यांना कळवलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक एप्रिलमध्ये रद्द ठरवलं. त्या यादीत या जातींचे ‘संकर’ही होते. माझं घोडं इथेच पेंड खातं. संकर कुणी ओळखायचा, लस टोचणाऱ्याने?

बंड्याच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. २०१५ साली जगभरच्या गावठी कुत्र्यांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास झाला. दक्षिण अमेरिकेतली आणि पॅसिफिक बेटांवरची बरीच गावठी कुत्री जवळपास पूर्णपणे युरोपीय वंशाची निघाली. भारतातल्या कुत्र्यांत मात्र युरोपीय मिसळ अगदी किरकोळ सापडली. म्हणजे आपण ज्याला सहज ‘लॅब मिक्स’ किंवा ‘पिट क्रॉस’ म्हणतो, तो बहुतेक वेळा कसलाच मिक्स नसतो. तो त्या सगळ्या नामांकित जाती घडवल्या जाण्याच्या कितीतरी आधीपासून इथेच आहे. शहरांत आणि फार्महाउसांच्या पट्ट्यात चित्र थोडं वेगळं असेल, मान्य. पण चंपीच्या आळीत बाहेरचं कुत्रं कुणी आणलेलं भावाला तरी आठवत नाही.

मी त्याला म्हटलं, हवी तर डीएनए चाचणी करू. पण त्यातही मेख आहे. चाचणी करणारे त्यांच्याकडच्या नमुन्यांच्या साठ्याशी तुलना करतात. त्या साठ्यात कोकणातली गावठी कुत्रीच नसली, तर यंत्र जवळचं वाटेल ते नाव चिकटवून मोकळं होतं. तेही पट्टे बघणारंच, फक्त महागडं.

भावाने चाचणी केली नाही. पाहुण्यांसोबत लहान मुलं असली की बंड्याला बांधायचं, एवढं त्याने ठरवलं, आणि ते बरोबरच आहे. अनोळखी मूल आणि जेवणारा कुत्रा यांची गाठ पडू न दिलेलीच बरी. चावा बसलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा, असा कागद त्याने दोन्ही खोल्यांत लावलाय. यंदा बंड्याचं नवं कार्ड आलं, तेव्हा टेबलावरून पेन उचलून जातीचा रकाना त्याने स्वतःच भरला: गावठी. रंगाच्या रकान्यात ‘पट्टेरी’. मग साखळी सोडली, कारण वरच्या अंगाच्या कलमांवर वानरं उतरली होती.